दरड निसर्गाची, जागा व्यवस्थेची!

पावसाळा आला की कोल्हापूरकरांचे डोळे राजाराम बंधाऱ्याकडे लागतात. पंचगंगेने ३९ फूट गाठले की इशारा, ४३ फूट गाठले की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पाणी वाढू लागले की दरवर्षी दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले वाक्य असे की, ‘हा निसर्गाचा कोप आहे.’ आणि दुसरे, ‘पूर काही कुणाची जात विचारून येत नाही.’ पहिले वाक्य देवभोळा माणूस बोलतो, दुसरे पुढारी बोलतो. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत. पहिले वाक्य खरे कारण झाकते, दुसरे वाक्य खरे गुन्हेगार झाकते. चळवळीच्या कार्यकर्त्याने ही दोन्ही वाक्ये तपासून घेतल्याशिवाय स्वीकारता कामा नयेत.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांची शिकवण सांगताना एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट मांडली आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते कारण एक तर निसर्गाचा नियम असतो किंवा माणसाची कृती असते. तिसरे, अलौकिक असे काही नसते. हा विचार केवळ विहारात वंदना घेताना आठवण्याचा नाही. डोंगर खचतो, जमीन हादरते, नदी घरात शिरते, तेव्हा याच विचाराची खरी कसोटी लागते. अशा प्रत्येक वेळी आपण विचारले पाहिजे की, यात निसर्गाचा नियम किती आणि माणसाची कृती किती?

हा प्रश्न न विचारल्यास काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये महाभयंकर भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. तेव्हा गांधीजींनी जाहीर केले की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे पटले नाही. त्यांनी विरोध नोंदवला आणि तो फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्येच छापला गेला. कुणी म्हणेल, गांधीजी तर अस्पृश्यतेच्या विरोधातच बोलत होते, मग तुमचे दुखणे काय? आमचे दुखणे साधे आहे. पाप करणारे सवर्ण आणि ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही! हा कसला न्यायी ईश्वर? अस्पृश्यता ही माणसाने माणसावर लादलेली व्यवस्था आहे. ती कायद्याने आणि संघर्षाने मोडावी लागते, भूकंपाने ती मोडत नाही. आणि भूकंप ही भूगर्भातली घडामोड आहे, तिला पापपुण्य कळत नाही. दोन वेगळ्या गोष्टींची अशी गाठ मारली की दोन्हींवरचा इलाज हातचा जातो.

मग भूकंप होतो कसा? आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती एकसंध, अचल नाही. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे बनले आहे. आपला भारतीय तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या तुकड्याला रेटतो. त्या रेट्यानेच हिमालय उभा राहिला. हाच ताण तुकड्याच्या पोटातही साठत राहतो. खडकात जिथे जुन्या भेगा आहेत तिथे तो सहन झाला नाही की खडक झटक्यात सरकतो. तोच भूकंप! यात देव नाही, दानव नाही आणि शेषनागही नाही.

आपल्या उत्तरेला, सह्याद्रीच्याच रांगेत, पाटण तालुक्यात कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि कोल्हापूरकरही अंगणात पळाले. ज्या दख्खनच्या काळ्या कातळाला शास्त्रज्ञ तोवर स्थिर मानत होते त्यालाच हा हादरा बसला होता. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे १९६० नंतर पाणी साठू लागले तेव्हापासूनच त्या भागात लहान धक्के सुरू झाले होते. जलाशयाच्या पाण्याचे वजन खडकावर पडते, पाणी भेगांतून खोल झिरपते आणि तिथला दाब वाढवते, त्यामुळे आधीच ताणलेला खडक सरकायला निमित्त मिळते. धरणामुळे चेतवला गेलेला भूकंप म्हणून कोयनेचे नाव आज जगभरच्या भूशास्त्रात घेतले जाते. म्हणजे इथे निसर्गनियमही आहे आणि माणसाची कृतीही आहे. पण ती कृती कुणाची? धरणाच्या विजेने मुंबई उजळली, कारखाने चालले. ज्यांची गावे पाण्याखाली गेली ते धरणग्रस्त मात्र पुढच्या पिढ्यांतही पुनर्वसनासाठी मोर्चे काढत राहिले. लाभ एकाला आणि धक्का दुसऱ्याला, हा निसर्गाचा नियम नव्हे!

किल्लारीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, गावे गाढ झोपेत होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हादरले आणि हजारो माणसे गेली. भूकंपाची तीव्रता कोयनेइतकीच होती, मग मृत्यू कित्येक पटींनी अधिक का? कारण त्या भागातली घरे. दगड आणि मातीत रचलेल्या जाडजूड भिंती, त्यावर लाकडी माळवद आणि मातीचा थरावर थर. भिंत सुटली की वरचे सारे वजन झोपलेल्या माणसांच्या अंगावर. माणसे भूकंपाने मरत नाहीत, घराने मरतात, हा धडा किल्लारीने दिला. इथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांना दगडी वाडा बांधण्याची ऐपत नव्हती, ज्यांची गावाच्या कडेला कुडाची, पत्र्याची हलकी झोपडी होती, त्यांचे छप्पर त्या मानाने कमी जीवघेणे ठरले. गरिबाच्या वाट्याला आलेली झोपडी त्या पहाटे त्याच्या उपयोगी पडली.

पण पुढे काय झाले? बावन्न गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले, जागतिक बँकेचे कर्ज आले आणि घरांचे वाटप झाले. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंतच आहे त्याला अडीचशे चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला साडेचारशे चौरस फूट आणि सात हेक्टरांच्या वर असेल त्याला साडेसातशे चौरस फूट! जमिनीने सगळ्यांना एका रांगेत मातीत आणले होते. शासनाने फूटपट्टी घेऊन पुन्हा उतरंड रचली. भूमिहीनाच्या घरातली माणसे कमी होती काय? त्याची लेकरे लहान जागेत मावतात असा काही शास्त्रीय शोध लागला होता काय? तसे काहीच नव्हते. नुकसान ‘मालमत्ते’चे मोजले गेले, माणसाचे नाही. आणि मालमत्ता कुणाकडे असावी, कुणाकडे नसावी हे तर या देशात मनूनेच ठरवून ठेवले आहे.

आता दरडींकडे वळू. कोल्हापूरच्या पश्चिमेचे डोंगर लाव्हारसाच्या थरांनी बनले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा रस एकावर एक थिजत गेला. दोन थरांच्या मधे कुठेकुठे लाल मातीचा पट्टा राहिला. माथ्यावर जांभा आहे. जांभा सच्छिद्र असतो, स्पंजासारखे पाणी पितो. ते पाणी खाली उतरते आणि चिकण मातीच्या थरावर किंवा टणक कातळावर अडते. सलग दोन-चार दिवस अतिवृष्टी झाली की वरची माती पाण्याने फुगते, जड होते, कणाकणांतली पकड सुटते आणि उतारावरचा अख्खा थर खाली घसरतो. उताराचा पायथा रस्त्यासाठी खणलेला असेल, वरची झाडे तोडली असतील, पाण्याची वाट बुजवली असेल तर हे काम अधिक लवकर होते. जुलै २०२१ मध्ये पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता असाच खचला. तेव्हा गडावरच्या लोकांचे हाल झाले, पण तो रस्ता होता. रस्ता पुन्हा बांधता येतो.

वाडी पुन्हा बांधता येते, वाडीतली माणसे येत नाहीत. त्या यादीकडे एकदा डोळे उघडून पाहा. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातले माळीण, १५१ मृत्यू. महादेव कोळी आदिवासींचे गाव. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातले तळिये, ऐंशीहून अधिक मृत्यू. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ठाकर आदिवासींची वस्ती, २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून शोधकार्य थांबवले गेले. आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. डोंगराला यादी वाचता येत नाही. यादी करणाऱ्याला मात्र वाडी दिसायला हवी होती. जिथे जायला धड रस्ता नाही तिथे सर्वेक्षण करणारा तरी कसा पोहोचणार? जी वाडी विकासाच्या नकाशात नाही ती धोक्याच्या नकाशातही नसते.

महाराष्ट्राबाहेरचेही एक उदाहरण सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये केरळातल्या पेट्टीमुडी येथे चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळींवर रात्री डोंगर कोसळला. सत्तर जीव गेले. बहुतेक तमिळ दलित कुटुंबे, पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात राबणारी, तरीही स्वतःच्या मालकीची वीतभर जमीन नसलेली. लगेच दुसऱ्या दिवशी कोझिकोडला विमान कोसळले. राज्य सरकारने विमानातल्या मृतांच्या वारसांना दहा लाख जाहीर केले आणि पेट्टीमुडीच्या मृतांच्या वारसांना पाच लाख. विमानातल्या मृतांबद्दल आमच्या मनात दुःखच आहे. पण एकाच आठवड्यात, एकाच राज्यात, मरणाचा भाव निम्मा कसा झाला, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे की नाही?

आता आपल्या घरच्या पुराकडे या. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. म्हणजे शिरोळ बुडतो तो स्वतःच्या पावसाने नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती हे सारे पाणी चिखलीच्या प्रयागाला एकत्र येते, पंचगंगा होऊन सपाट प्रदेशात नागमोडी वळणे घेत सुस्तावते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाही भरून वाहत असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि पाणी मागे फुगत जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. इथवर निसर्गाचा नियम आहे.

आणि माणसाची कृती? जुनी गावरचना आठवा. आपल्याकडे वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो. आमच्या अंगावरून गेलेला वाराही गावाला नको होता, म्हणून महारवाडा बहुतेक ठिकाणी पूर्वेला. आणि कोल्हापूरच्या नद्या वाहतात त्याही पूर्वेकडेच! म्हणजे वाऱ्याच्या खाली आणि पाण्याच्याही खालच्या अंगाला, अशी आमची जागा धर्माने ठरवून दिली. महारवाड्याचा भीमनगर झाला, सिद्धार्थनगर झाले. पाटी बदलली, जमिनीची उंची मात्र तीच राहिली. शहरातही वेगळे काय आहे? पंचगंगेचे पाणी चढले की कोल्हापुरात सुतारवाड्यातल्या कष्टकऱ्यांना आधी बोचकी बांधावी लागतात. आणि पूररेषेच्या आत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींना मात्र परवानगी मिळते, रस्ता मिळतो, नळ मिळतो. निळ्या रेषेचा नियम झोपडीला लागतो, बंगल्याला लागत नाही!

२०१९ चा पूर ओसरल्यावर आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. वस्तीत कमरेइतक्या ओलीच्या खुणा भिंतीवर होत्या. एक म्हातारी आजी भिजलेली वाकळ उन्हात पसरत होती. आम्ही विचारले, ‘आजी, पंचनामा झाला का?’ ती हात न थांबवता म्हणाली, ‘पाणी पयलं आमच्यात येतंय बाबा, आन् तलाठी सगळ्यात शेवटाला.’ पूर जात विचारत नाही म्हणणाऱ्या पुढाऱ्याला या एका वाक्याचे उत्तर देता येईल काय?

पंचनाम्याची गोष्ट तर अशी आहे की, पिकाची भरपाई हेक्टरी मिळते. ज्याच्या नावावर हेक्टर नाही त्याचे काय? ऊस बुडाला की मालकाचे पीक गेले हे सातबारावर दिसते. त्याच उसात भांगलण करणाऱ्या बाईचा महिन्या-दोन महिन्यांचा रोजगार बुडाला, तो कोणत्या उताऱ्यावर दिसणार? ज्याने दुसऱ्याची जमीन तोंडी कराराने वाट्याने केली त्याचे बियाणे, खत, घाम सगळे वाहून गेले आणि मदत मात्र जमीनमालकाच्या खात्यात. गायरानातले घर पडले तर ते ‘अतिक्रमण’ म्हणून नोंदीच्या बाहेर. आपत्ती सर्वांवर येते, हे मान्य. पण आपत्तीतून बाहेर पडण्याची शिडी मात्र सातबाऱ्याला टेकवलेली आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही प्रत्येक ठिकाणी जात आणता. बंधूंनो, जात आम्ही आणलेली नाही, ती तिथे आधीच होती. पुरात मराठा शेतकऱ्याचा ऊस गेला, गवळ्याच्या म्हशी गेल्या, बाजारपेठेतल्या दुकानदाराचा माल गेला. किल्लारीत तर वाडेवालेच अधिक दबले. त्यांचे दुःख आम्ही तसूभरही कमी लेखत नाही. कोल्हापूरच्या तालमी-मंडळांच्या पोरांनी छातीभर पाण्यातून माणसे काढली, तेव्हा त्यांनी कुणाची जात विचारली नाही, हेही आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. आमची तक्रार त्या पोरांबद्दल नाही. ज्या व्यवस्थेने कुणी कुठे राहायचे, कुणाचे नाव यादीत येणार आणि कुणाला किती मिळणार हे आधीच ठरवून ठेवले, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे.

आणि यावर उपाय नाही असे कुणी सांगू नये. या कोल्हापुरातच राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. पाणी हा दैवाचा नव्हे तर नियोजनाचा विषय आहे, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी दामोदर खोरे योजनेची पायाभरणी केली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी बजावले की पाण्याला संकट मानणे चूक आहे, ते लोकांचे धन आहे, ते साठवा आणि लोकांच्या कामी लावा. पूर आला की नदीची ओटी भरणारा समाज आणि पूर आला की खोऱ्याचा आराखडा मागणारा नेता, यांतला फरक आपण ओळखला पाहिजे.

कायदाही आपल्या हातात आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे आणि धोक्याच्या जागांची नोंद असलेला जिल्हा आराखडा करणे बंधनकारक आहे. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी तो आराखडा पाहिला आहे? जयंतीची मिरवणूक आम्हालाही प्रिय आहे. पण १४ एप्रिल ते ७ जून या आठ आठवड्यांत आपल्या वस्तीसाठी आपण काय करतो, हाही प्रश्न आहे.

म्हणून आम्ही सुचवतो. जयंतीनंतर लगेच प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी घरोघर जाऊन यादी करावी. किती माणसे, किती म्हातारी, किती लेकरे, कोण मजूर, कोण वाटेकरी, कुणाच्या घराला उतारा आहे, कुणाच्या नाही. ही यादी ग्रामसभेत ठरावासह मांडावी आणि तहसीलदारांकडून पोच घ्यावी. मागच्या पुराच्या पाण्याची खूण विहाराच्या भिंतीवर रंगाने काढून ठेवावी. डोंगराकडेच्या वाड्यांनी चार खुणा ध्यानात ठेवाव्यात. जमिनीला नवी भेग पडली, झाडे वा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा दारे-खिडक्या अडकू लागल्या, तर सरकारी सूचनेची वाट न पाहता वस्ती सोडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, शासनाकडे तात्पुरत्या छावणीची नव्हे, उंच जागेवरच्या हक्काच्या गावठाणाची मागणी करावी. ते घर माणसांच्या संख्येवर मिळाले पाहिजे, हेक्टरवर नव्हे. भूमिहीन मजुराच्या बुडालेल्या रोजगाराला पंचनाम्यात रकाना हवा. तो रकाना नसेल तर तो पंचनामा आम्हाला मान्य नाही, असे ठणकावून सांगावे.

निसर्गाचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. जमीन उद्याही सरकेल, जांभा उद्याही पाणी पिईल, पंचगंगा उद्याही फुगेल. पण बाबासाहेबांनी सांगितलेले दुसरे कारण, म्हणजे माणसाची कृती, ते मात्र माणसानेच केलेले आहे आणि माणसालाच मोडता येते. पुढच्या पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचा आकडा पाहताना आपल्या वस्तीची यादी आपल्या खिशात आहे की नाही, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. जयभीम!